पाठीमागे धरलेले हात

सतीश भाटकरला मी पहिल्यांदा भेटले ते भांडायलाच. माझा राग नाकावर असतो, हे आमच्या अख्ख्या पाखाडीला माहीत आहे. पोस्टात तीस वर्षं खिडकीमागे काढली की बाईचा आवाज चढतो आणि निवृत्त झाली तरी तो उतरत नाही. आमच्या घरामागे दगडी गडग्याच्या पलीकडे आंब्याची एक जुनी शेड आहे. मोसम संपला की वर्षभर तिच्यात मांजरं व्यायची. एका सकाळी सहाच्या ठोक्याला तिथून मोठ्याने आकडे ऐकू यायला लागले. दहा, नऊ, आठ, सात. तीन दिवस मी सहन केलं. चौथ्या दिवशी गाऊनवर टॉवेल टाकला आणि तरातरा गेले.

आत पाच-सहा माणसं घामाघूम होऊन काहीबाही उचलत होती आणि मधोमध एक काटक, सावळा, चाळिशीचा माणूस दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. मी म्हटलं, "हे उलटं काय मोजतोस रे? सरळ मोजायला शाळेत शिकवलं नाही?"

तो म्हणाला, "मावशी, सरळ मोजलं की माणूस पाचावरच विचारतो, अजून किती. उलटं मोजलं की त्याला दिसतं, एवढंच राहिलंय. एकावर आलेला माणूस कधी सोडून देत नाही."

मी अजूनच तापले. तेवढ्यात त्याने विचारलं, "तुम्हाला काय करता येत नाही?"

"मला सगळं करता येतं."

"मग तो खांद्यावरचा टॉवेल घसरलाय, तो उजव्या हाताने नीट करा बघू."

उजवा हात कानाच्या वर जाऊन वर्ष झालं होतं. केसांचा अंबाडा मी मान वाकडी करून, डाव्या हाताने कसाबसा बांधत होते आणि ते कोणाला कळू देत नव्हते. त्याला चार पावलांवरून कळलं. गेले भांडायला आणि आले नाव लिहून.

नाव लिहायची त्याची एक लांबट वही होती. नाव, वय, औषधं कुठली चालू आहेत, डॉक्टर कोण, आणि मग शेवटचा रकाना, 'काय करता येत नाही'. वजन, छाती, कंबर यांचा रकानाच नव्हता. माझ्या नावापुढे त्याने लिहिलं, 'अंबाडा'. माझ्या वरच्या ओळीत 'एसटीची पायरी' होती, त्याच्या वर 'विहिरीचं पाणी', आणि एका तिशीच्या शिक्षकाच्या नावापुढे फक्त 'झोप'. एक कॉलेजातला पोरगा दंड फुगवायचे म्हणून आला होता, हातात पावडरीचा महागडा डबा. सतीशने त्याला विचारलं, घरी काय शिजतं. तो म्हणाला, बांगडा, कुळथाची पिठी, भात, अंडी. "मग आधी ते नीट जेव," सतीश म्हणाला, "आणि डबा आईला दे, रवा ठेवायला."

शेडमध्ये आरसा नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाला, "आरशात बघून कोणाला बरं वाटलेलं मी अजून पाहिलं नाही." तो आधी बरीच वर्षं बोटीवर होता, इंजिन खात्यात. तिथे कंबर धरली, ती बरी करता करता ह्या विद्येला लागला आणि मुंबईला राहून रीतसर शिकून आला. सर्टिफिकेटं होती, पण दाराच्या मागच्या बाजूला लावलेली. दार बंद केल्याशिवाय दिसायची नाहीत आणि दार तो कधी बंद करायचा नाही.

त्याची ती हात मागे बांधायची सवय मात्र लोकांच्या डोळ्यांत खुपायची. माझ्याही. कोणाचा पाय लटपटतोय, कोणाच्या हातातून वजन सुटतंय, आणि हा आपला साहेबासारखा हात मागे घेऊन उभा. पडू द्यायचा नाही हां कोणाला. अगदी एका वितीवर उभा असायचा, पाय रोवून, नजर न हलवता. पण हात द्यायचा नाही.

रुक्मिणी आमच्या पाखाडीवर मासे घेऊन येते. तिच्या नावापुढे होतं 'टोपली डोक्यावर'. टोपली जमिनीवरून डोक्यावर चढवायला तिला दर खेपेला दुसरं माणूस लागायचं. पंधरा दिवस ती वाळूची पिशवी मांडीवर घेत होती, मांडीवरून छातीशी, छातीवरून खांद्यावर. एकदा खांद्यापाशी अडकली आणि ओरडली, "अरे, एकदा तरी हात लाव की मेल्या."

"मी काय रोज बंदरावर येणार आहे काय टोपली चढवायला?" सतीश जागचा हलला नाही. "पाठ नको वाकवू. गुडघे. तीन, दोन…"

महिन्याभराने रुक्मिणी माझ्या खळ्यात, पुढच्या अंगणात आली, सौदा झाल्यावर "बघा हां ताई" म्हणाली आणि टोपली एका दमात डोक्यावर. बंदरावरच्या चार बायकांना ती आता शिकवते, आणि मोजते उलटंच.

आता दादाचं सांगते. सतीश मला आठवतो तो त्याच्यामुळे.

दादा माझा मोठा भाऊ. एसटीत ड्रायव्हर होता, सगळा जन्म घाट चढण्या-उतरण्यात गेला. वहिनी गेल्यापासून माझ्या घरापासून दहा पायऱ्या खाली, आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरात एकटा राहतो. एका सकाळी तो न्हाणीघरात घसरला. हाड मोडलं नाही, साधं खरचटलं. पण त्याला उठता येईना. मी चहा घेऊन जाईपर्यंत दोन तास तो ओल्या लादीवर पडून होता, आणि मला हाक मारायचीसुद्धा त्याला लाज वाटली. त्या दोन तासांनी त्याचा धीरच खचला. त्या दिवशी तो पडवीतल्या खुर्चीत बसला आणि मग खुर्चीतच राहिला.

मी काय केलं? जे आमच्याकडे सगळ्याच करतात ते. सकाळी पेज नेऊन हातात दिली. दुपारी ताट नेऊन मांडीवर ठेवलं. टीव्हीचा रिमोट, चष्मा, औषध, पाण्याचा तांब्या, सगळं हाताच्या अंतरावर. विहिरीवर जाऊ नको, पायऱ्या उतरू नको, मी आहे ना. शेजारपाजारचेही तसेच. कोणी उठताना बगलेत हात घाली, कोणी चपला पायात घालून देई. दादाला कोणी म्हणून हलू देत नव्हतं, आणि आम्हाला वाटत होतं, आम्ही त्याचं केवढं करतोय.

शिमग्याला त्याचा मुलगा नितीन ठाण्याहून आला. बापाच्या सुकलेल्या पोटऱ्या पाहून तो हबकलाच. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, मीटिंगमध्ये फोन वाजला की मी उठून बाहेर पळतो. बाबा पुन्हा पडले आणि कोणी नसलं तर? मी गणपतीनंतर त्यांना घेऊन जातो." मुलगा वाईट नाही. पण दादाने ते पडवीतून ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ठाण्याला नवव्या मजल्यावर तो एकदा आठवडाभर राहिला होता. परत आल्यावर म्हणाला होता, "शैले, तिथे मी नुसता ठेवलेला होतो गो."

मी सतीशकडे गेले. म्हटलं, दादाला जरा हातपाय हलवायला शिकव, घरी येऊन. तो आला, पडवीत अर्धा तास नुसता बसला. मी त्या अर्ध्या तासात दादाला दोनदा पाणी दिलं, उशी सरकवली, पंख्याचा वेग कमी केला. निघताना सतीश मला गडग्यापाशी म्हणाला, "मावशी, काकांचे पाय चांगले आहेत. तुम्ही त्यांना बसवलंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार महिने तीन वेळचं करून घालतेय मी, आणि हा कालचा पोर मला सांगतो. मी त्याला नको नको ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात मागे. मग म्हणाला, "उद्यापासून पेज तुमच्या घरी वाढा. दहा पायऱ्या आहेत. काका येतील." आणि गेला. रात्रभर मी त्याला शिव्या घातल्या. सकाळी पेज माझ्या चुलीपाशी ठेवून दारात उभी राहिले, आणि दादा भिंत धरत, थांबत, मला शिव्या देत दहा पायऱ्या चढून आला. त्या दिवशी मी रडले, ते त्याच्यासाठी की माझ्या चार महिन्यांच्या मूर्खपणासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

वहीत दादाच्या नावापुढे सतीशने लिहिलं, 'जमिनीवरून उठणं'.

एप्रिल लागला आणि शेडच्या मालकाने शेड आंब्यासाठी परत घेतली. मला वाटलं, आता दोन महिने खेळ खलास. सतीशने वजनं भिंतीला सरकवली आणि मालकाला विचारून सगळ्यांना आंब्याच्याच कामाला जुंपलं. भरलेली पेटी कशी उचलायची, कशी ठेवायची, त्यातच व्यायाम. दादाला त्याने आंबे निवडायला बसवलं. पहिल्या दिवशी दोन रिकाम्या पेट्या एकावर एक रचून त्यावर. पंधरा दिवसांनी वरची पेटी गायब, खाली एकच, उभी. मग तीच आडवी. मग पाट. दादा आंबा हातात घेऊन नुसत्या बोटांनी सांगायचा, हा उद्या, हा परवा, हा चार दिवसांनी. त्यात तो इतका रमला की आपलं आसन खाली चाललंय हे त्याच्या लक्षातच येईना. दर वेळी उठताना मात्र सतीश समोर उभा आणि चार शब्द. "कूस. हात. गुडघा. पाऊल." कुशीवर वळायचं, हात टेकायचे, एक गुडघा रोवायचा, दुसरं पाऊल पुढे घ्यायचं आणि उभं राहायचं. दादा म्हणायचा, "चार गियर आहेत रे, घाट चढेल." शेवटच्या पेट्या गेल्या तेव्हा तो पाटावरून उठत होता. राहिली होती ती जमीन.

आणि तिथेच माशी शिंकली. मोसम उरकून आठवडा झाला होता. दादा माझ्याकडे पायऱ्या चढून येताना मध्येच थांबला, छातीवर हात. घरात आल्यावर म्हणाला, "काही नाही गो, पित्त आहे. दोन-चार दिवस होतंय. कोकम दे." आमच्याकडे छातीत काहीही झालं की ते पित्तच, आणि पित्तावर कोकम. मी पेला भरला, जिरंमीठ घातलं. तेवढ्यात सतीश आला. त्याने दादाच्या ओठापर्यंत गेलेला पेला काढून घेतला आणि खाली ठेवला. एवढ्या महिन्यांत त्याने कोणाच्या हातातली वस्तू घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"काका, हे चढताना येतं आणि थांबलं की जातं, असं आहे काय?"

"होय. पण ते पित्त…"

"रिक्षा बोलावतो. आत्ता दवाखान्यात जायचं."

दादा भडकला. "तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. म्हणूनच चला. आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी तुम्हाला एक पाऊल शिकवणार नाही."

हृदयाच्या एका नळीत अडथळा निघाला. कोल्हापूरला नेऊन स्टेंट घालावा लागला. वेळेत आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नितीन रातोरात धावत आला. बापाच्या खाटेशी बसून म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. चला माझ्याबरोबर." दादा माझ्याकडे बघत राहिला. सतीश आमच्याबरोबर आला होता, मग तोच बोलला. "नितीनभाऊ, तुमची भीती खरी आहे. तुम्ही एक ठरवा. काय दिसलं तर तुम्हाला निर्धास्त झोप लागेल?" नितीन म्हणाला, "गणपतीत बाबा जमिनीवर बसले आणि कोणाचा हात न घेता उठले, तर राहू देत. नाहीतर विसर्जनानंतर माझ्या गाडीत." दादाने मान हलवली. ठरलं.

कोल्हापूरहून परत आल्यावर एका संध्याकाळी सतीश मला भाट्याच्या पुलावर भेटला. मी त्याचे आभार मानायला लागले तर तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मावशी, बोटीवरून सुट्टीला आलो होतो. बाबांना असंच चढताना व्हायचं. त्यांना कोकम मीच करून दिलं होतं. पेला घेऊन जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत." पाठीवरून हात फिरवावासा वाटला. फिरवला.

नंतरचे दिवस त्याने काय सांभाळून काढले. चार प्रश्न कागदावर लिहून तो डॉक्टरांकडे गेला. किती चालवू, किती उचलायला देऊ, नाडी कुठवर गेली तर थांबवू, आणि कशाला हातच लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, असे प्रश्न पेशंटही विचारत नाहीत. परवानगी मिळेस्तोवर त्याने दादाला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. मग सुरुवात पुन्हा पहिल्यापासून, पडवीतून खळ्यापर्यंत. दादा घाई करायचा. गणपती जवळ येत होते, आणि तो मला चोरून स्वतःच जमिनीवर बसून बघायचा. एकदा सतीशने पकडलं. रागावला नाही. म्हणाला, "काका, घाटात ओव्हरटेक करत होतात काय कधी?" दादा ओशाळला. "मग इथेही नको."

गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत जमिनीवरून दादा दहापैकी सहा-सात वेळा उठत होता. बाकीच्या वेळी गुडघ्यावर अडकायचा. हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. माझा जीव टांगणीला लागला होता. मी सतीशला म्हटलं, "अरे, पाटावर बसवू की. नितीनला काय कळतंय." तो म्हणाला, "काकांना कळेल."

चतुर्थीला घर भरलं. आरती झाली, नैवेद्य झाला, मधल्या घरात पंगत मांडली. सतीशला मी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. तो दाराच्या चौकटीत उभा होता आणि मी त्याच्या मागे, हातात वरणाचं भांडं. दादाने पाट बाजूला सारला आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. वहिनी गेल्यापासून पंगतीत तो असा बसला नव्हता. मोदकांवर तूप वाढलं. दादा नीट जेवला, नितीन मात्र एकच मोदक कुस्करत बसला.

पंगत उठायची वेळ झाली. सगळे उठले आणि बाजूला सरकून उभे राहिले. दादा एकटाच बसलेला.

तो कुशीवर वळला. हात टेकले. गुडघा रोवला. आणि तिथेच थांबला. टेकलेल्या हाताचं कोपर थरथरायला लागलं. पाऊल पुढे यायला तयार नाही. नितीन पुढे झाला, त्याचा हात दादाच्या बगलेपर्यंत गेला. बाप पडतोय असं दिसल्यावर कोणता मुलगा हात देणार नाही? मीही भांडं खाली ठेवून वाकलेच होते.

"हात काढ," दादा म्हणाला. मोठ्याने नाही.

नितीनने हात काढला.

दादा खाली सतरंजीकडे बघत पुटपुटला, "तीन." मग, "दोन." पाऊल सरकत सरकत पुढे आलं. "एक" म्हणाला तेव्हा तो उभा होता, लाल झालेला, धापा टाकत, पण उभा. नितीन त्याच्या गळ्यात पडून रडायला लागला. रडत रडतच म्हणाला, "बाबा, मग मी दिवाळीला येतो हां." दादा म्हणाला, "ये. तुला आंब्याची शेड दाखवतो."

मी मात्र त्या क्षणी दादाकडे बघत नव्हते. मी सतीशच्या मागे उभी होते, आणि मला त्याचे हात दिसत होते. इतके महिने सगळ्यांनी त्याला समोरून पाहिलं, मी पहिल्यांदा मागून पाहत होते. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट असं घट्ट आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. उजवा हात पुढे जायला धडपडत होता आणि डावा त्याला सोडत नव्हता. आणि आम्ही म्हणत होतो, साहेबासारखा हात बांधून उभा राहतो.

दिवाळीनंतर सतीशच्या बायकोची, ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आंजर्ल्याकडे बदली झाली आणि तो तिकडे गेला. आता तिथे कुठल्या तरी शेडमध्ये तो उलटं मोजत असेल. निघायच्या दिवशी तो आला होता, चहा घेतला, दादाशी हसलाबोलला. पण मला तो तसा आठवत नाही.

मला तो त्या दुपारचाच आठवतो. दादा उभा राहिला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि दाराशी एकट्या सतीशने हळूच आपलं मनगट सोडलं. त्यावर चार बोटांचे लाल वळ उठले होते. मग ते दोन्ही हात त्याने पुढे आणले आणि गणपतीला जोडले.